कामगंध सापळा आणि जागा राहिलेला माणूस

खरं प्रेम माणसाची झोप उडवतं. भारत साउंडवाला मात्र प्रेमात पडला तेव्हा गाढ झोपेत होता.

जाफराबादेत शेतकरी मेळावा होता. कृषी सहायक प्रियदर्शनी कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलत होती, आणि भारतचं डोकं मशीनवर टेकलं. कोपर लागून आवाज इतका वाढला, की कर्ण्यातून अळीच किंचाळल्यासारखं वाटलं. लोक उठून जेवायला गेले ते परतलेच नाहीत.

"तुम्ही झोपला होतात?" तिनं थकल्या आवाजात विचारलं.

"मॅडम, तुमी माजी सभापतीच्या नावावर आल्त्या... तवाच लागली. कापूस आला तवा मी न्हवतोच."

इतकं खरं तिला ऑफिसात कोणी सांगितलं नव्हतं. पुढचं टेंभुर्णीचं भाषणही असंच पडलं, तर साहेब तिला शिवारातून उचलून कॉम्प्युटरपुढे बसवणार होते. म्हणून ती भारतच्या दुकानात तालमीला जाऊ लागली. तो जिथं झोपे, तेवढा मजकूर ती काढून टाके. आधी मान्यवरांची नावं गेली. मग अळीचा इतिहास. शासनाच्या योजनांना तर तो घोरलाच. शेवटी फक्त कामगंध सापळा उरला.

"सापळ्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी असते. नर त्या वासाला भुलून येतो... आणि पिशवीत अडकतो."

भारतनं एक डोळा उघडला. "आन् खरी मादी?"

"ती वाट बघून राह्यते..." प्रियदर्शनी जरा थांबली. "नर आला न्हाई, की अंडी न्हाई. अळी न्हाई."

"बिचारी," म्हणत त्यानं दुसराही उघडला.

टेंभुर्णीत ती एकही नाव न घेता थेट सापळ्यावर आली. मंच सुन्न. तिथले माजी उपसरपंच आबाराव, अंगावर सत्काराची शाल, स्वतःचं नाव स्वतःच घ्यायला दुसऱ्या माईककडे निघाले. भारतनं तो माईक बंद केला. आबाराव बराच वेळ बोलले. कोणाला त्रास झाला नाही. लोक शेवटपर्यंत बसले, नंतर सापळ्यांसाठी रांगही लागली.

मंडप रिकामा झाल्यावर ती भारतनंच भाड्यानं दिलेल्या एका खुर्चीत कोसळली. भारत वायर गुंडाळत आला. डोळे लाल.

"आज मी झोपलो न्हाई."

"माहितीये. भाषणभर तुमच्याकडंच बघून राह्यले... शेतकऱ्यांकडं बघायचं राहूनच गेलं."

वायर त्याच्या हातात तशीच राहिली.

"मंग... रोजच बोलत जा माझ्याशी. जल्मभर. मधी डोळा लागला तर उठवा."

"उठवीन," ती म्हणाली, आणि होतं नव्हतं तेवढं त्राण गोळा करून हसली.

त्यानं उरलेली वायर गुंडाळून संपवली. मग तो खाकरला.

"प्रियदर्शनी..."

"काय?"

"तेवढी खुर्ची सोडता का? टेंपो भरायचाय."