मावशीचा गुडघा

चारोटी नाक्यावर डहाणूची जीप भरायची वाट बघत भाविनी उभी होती, तेव्हा वरून एक फुटबॉल आला.

जीपच्या टपावर बांधलेल्या जाळीचं तोंड सुटलं होतं. बॉल टपावरून बॉनेटवर, बॉनेटवरून रस्त्यावर पडला आणि टप्पे घेत सरळ हायवेकडे निघाला. भाविनीने विचार केला नाही. उजवा पाय पुढे टाकून तिने तो अडवला... आणि सगळं वजन डाव्या पायावर येताच तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

टपावरचा तरुण खाली उतरला. सावळा, सडपातळ, गळ्यात शिट्टी.

"छान अडवलात," तो म्हणाला. मग जरा थांबून, "डावा गुडघा?"

"काय?"

"दुखतोय ना. डावा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. फुटबॉल शिकवतो."

"मग बॉल सांभाळा. गुडघे ज्याचे त्याला सांभाळू द्या."

तो हसला. टोमणा खाल्लेल्या माणसाने असं हसू नये, असं भाविनीला वाटलं.

जीपमध्ये तो नेमका तिच्या शेजारी आला. चौघांच्या जागेत पाच जण. तिच्या मांडीवर कासाच्या दवाखान्यातून आणलेलं मोठं तपकिरी पाकीट होतं. पाकिटावर नाव लिहिलं होतं, म्हणून तिने ती बाजू पोटाशी धरली होती.

"एक्स-रे?" त्याने विचारलं.

"मावशीचा."

"मावशी कुठे राहतात?"

"डहाणूला."

"आणि एक्स-रे कासाला?"

"मावशीला तिथले डॉक्टर आवडतात," भाविनी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

खरं तर तिला अशी मावशीच नव्हती. भाविनी तांडेल डहाणूच्या खाडीजवळच्या एका शाळेत खेळ शिकवत होती. चार वर्षं खपून तिने मुलींचा खो-खोचा संघ उभा केला होता. खेळाच्या बाईंचाच गुडघा गेला, हे मासळीबाजारात एकदा कळलं की दुपारपर्यंत ते सगळ्या गावाला कळणार. मग मुली कोण पाठवणार? म्हणून ती सुट्टी काढून कासाला गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, "सत्तावीस वर्षांच्या मुलीचा गुडघा असा असू नये. जुनं दुखणं अंगावर काढलंत."

सोमवारी सकाळी ती मैदानावर आली, तर खो-खोच्या खांबाला टेकून तोच उभा. पायाशी जाळीभर बॉल.

मोठ्या बाईंनी ओळख करून दिली. "हे फुटबॉलचे सर, नवीन धोडी. तलासरीहून येतील, आठवड्यातून तीन दिवस. महिनाअखेर सात मुलींच्या पालकांच्या सह्या मिळाल्या तर आपल्याकडे फुटबॉल सुरू. नाहीतर यांची संस्था यांना एक तारखेपासून जव्हारला पाठवणार."

"इथे सतराच मुली आहेत खेळणाऱ्या," भाविनी म्हणाली. "त्या माझ्या आहेत."

"घेऊन नाही जाणार," नवीन म्हणाला. "उधार द्या."

मोठ्या बाई गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "मावशी कशा आहेत?"

भाविनीने शिट्टी वाजवली. उत्तर म्हणून तेवढंच.

पण प्रश्न थांबला नाही. मावशी जिना उतरताना आधी कुठला पाय टाकतात? मावशी रात्री उशी घेतात का गुडघ्याखाली? एकदा तर त्याने वहीच्या कागदावर चित्र काढून दिलं. खुर्चीवर बसलेली एक जाडी बाई, अंबाडा घातलेली, एक पाय सरळ पुढे केलेला. खाली लिहिलं होतं – दहा आकडे मोजा, मग खाली ठेवा. रोज वीस वेळा.

"मावशी एवढी जाडी नाही," भाविनी म्हणाली.

"मी बघितलेलं नाही ना. अंदाजाने काढली."

तिने तो कागद पर्समध्ये ठेवला. रात्री दार लावून खुर्चीवर बसली आणि दहा आकडे मोजले. जाड्या बाईसाठी नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं... मग कुणासाठी, ते मात्र सांगितलं नाही.

डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि वारा फिरला की त्यांचा वास थेट मैदानात यायचा. नवीन तलासरीहून उकडलेले करांदे, रानातले कंद, पानात बांधून आणायचा. भाविनी घरून भाजलेला सुका बोंबील आणायची. तो पहिल्यांदा खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ती हसत सुटली.

"तुमच्याकडे तिखट याला म्हणतात?" तो नाक पुसत म्हणाला.

"आम्ही याला नाश्ता म्हणतो."

हळूहळू तिच्या लक्षात येऊ लागलं. खांब उचलायची वेळ आली की तो मुलींना आधीच हाक मारायचा, तिला वाकावं लागायचं नाही. बाकावर तिच्यासाठी डाव्या टोकाची जागा मोकळी असायची, म्हणजे डावा पाय पसरता यावा. तो काही बोलायचा नाही. फक्त जागा मोकळी असायची.

"तुम्ही माणसांचे पायच बघता का हो सारखे?" तिने एकदा विचारलं.

"सवय लागली. आधी पाय बघतो, चेहरा नंतर."

"मग माझा चेहरा बघितला की नाही अजून?"

नवीन बॉलमधली हवा बोटाने दाबून बघू लागला. "ते... नंतर सांगतो," तो म्हणाला. त्याचे कान तांबडे झाले होते.

पण महिना संपत आला आणि सही एकही नव्हती. पालकांचं म्हणणं सरळ होतं. पोरी घरी आल्यावर मासळी सुकवतात, पाणी भरतात, धाकटी भावंडं सांभाळतात. दोन-दोन खेळ कशाला? एकच खेळ ठेवा. आणि तो असा ठेवा, की पोरगी धड घरी येईल. शेवटच्या शनिवारी शाळेत बैठक ठरली.

मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. खिडकीबाहेर सतरा मुली एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. दक्षाची आई हिरू बाजारातून थेट आली होती, मासळीची रिकामी पाटी तिने दाराशी ठेवली.

"मला सरळ सांगा," हिरू म्हणाली. "कुठल्या खेळात पोरगी कमी मोडते?"

नवीन उभा राहिला. "खोटं नाही सांगणार. फुटबॉलमध्ये लागतं. घोटा मुरगळतो, नडगीला मार बसतो. कधी गुडघाही जातो."

"आणि डोक्याने बॉल मारतात ते?"

"बारा वर्षांपर्यंतच्या मुलींना मी डोक्याने मारू देत नाही."

"आणि तेरावं लागलं की डोकं लोखंडाचं होतं?"

वर्ग हसला. नवीनही हसला. "नाही होत. तेव्हा पुन्हा तुम्हालाच विचारायला येईन."

"हसू नका सर," हिरू म्हणाली. "माझ्या सासूने चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिली. आता तिची मान वळत नाही. हाक मारली तर अख्खी वळते. माझ्या पोरीची मान मला वळती हवी."

वर्गातलं हसू थांबलं. मागून हिरूचा नवरा जिग्नेश म्हणाला, "कॅरम खेळवा ना. लागलं तर बोटाला लागेल."

"तू गप रे. होडीत दुपारभर घोरतोस, तोही खेळच म्हणायचा का मग?"

पुन्हा हसू फुटलं. मग कविताचा बाप लाहू उठला. चिकूच्या वाडीत रोजाने काम करणारा शांत माणूस. "माझी पोरगी पाड्यावरून तासभर चालत येते. पाय मोडला तर शाळाच मोडली तिची. बाई, तुमच्या खो-खोत असं काही होत नाही ना?"

"खो-खो आपल्या मातीतला खेळ," भाविनीने पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. "त्याला काही साहित्य लागत नाही, धक्काबुक्की नाही..." वाक्य पुढे सरकेना.

लाहू नवीनकडे वळला. "सर, तुम्ही सांगा. तुमचा तो खेळ नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. खो-खोत कुणाचं काही गेलेलं बघितलंय का?"

भाविनीने टेबलाची कड धरली. त्याने तिच्या गुडघ्याबद्दल एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. सात सह्या तिथल्या तिथे पडल्या असत्या.

नवीनने तिच्याकडे पाहिलं नाही. हातातल्या बॉलची शिवण त्याने अंगठ्याने चाचपली.

"लाहूकाका, मी खो-खो फार बघितलेला नाही," तो म्हणाला. "बाईंच्या मुली बघितल्यात. चांगल्या पळतात."

आणि तो खाली बसला. जव्हारला जायची तयारी करून बसावं, तसा.

भाविनीला वाटलं, आजवर कुणी तिच्यासाठी एवढं मोठं काही केलं नव्हतं, आणि तेही न बोलून. तिने टेबलाचा आधार सोडला.

"मी बघितलंय," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"हा डावा गुडघा. वीस वर्षांची होते, राज्याच्या संघाची निवड चालू होती. सूर मारताना आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. कुणाला सांगितलं असतं, तर संघातून काढलं असतं. म्हणून घट्ट पट्टी बांधून तसाच हंगाम खेळले. गेल्या महिन्यात कासाला जाऊन एक्स-रे काढला. इथे काढला असता तर तुम्हाला कळलं असतं." ती क्षणभर थांबली. "खो-खोने गुडघा घालवला नाही, हिरूताई. पडते ती कुठल्याही खेळात पडते. मी ते लपवलं, म्हणून गेला. हे तुमच्यापासूनही लपवलं, ते चुकलं."

बाहेर मुली तिच्या पायाकडे बघत होत्या. चार वर्षांचा संघ गेला, असं भाविनीला वाटलं. पण आश्चर्य म्हणजे, पाय हलका झाला होता.

हिरू उठली, तिच्याजवळ आली. "पाटी डोक्यावर चढवायला दोन माणसं लागतात, बाय. एकटीने चढवली की मान जाते. सकाळी जिच्याशी भांडले, तीही हात लावायला येते. एवढं तर तुला ठाऊक होतं ना? तुझी आईपण बाजारातलीच." मग ती बाकीच्यांकडे वळली. "जी स्वतःचं दुखणं चारचौघांत सांगते, ती माझ्या पोरीचं झाकणार नाही. दुखलं की त्याच दिवशी सांगायचं. कोण खेळणार, कोण बसणार, ते हीच ठरवणार. हे सर मान्य करत असतील तर खेळ कुठला, ते पोरींनाच विचारा."

"मान्य," नवीन ताडकन म्हणाला. "दोन्ही खेळांना मान्य. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, तीही लिहून देतो."

"फुटबॉल," खिडकीतून आवाज आला. दक्षा. भाविनीची सगळ्यांत वेगवान मुलगी.

"दक्षा, तू?"

"बाई, रागावू नका."

"रागावलेच आहे," भाविनी म्हणाली. "पण सही तुझ्या आईने करायचीय, मी नाही."

नऊ मुली खो-खोत राहिल्या, सात फुटबॉलला गेल्या. उरली लाहूची कविता. तिला दोन्ही नको होतं, शिट्टी वाजवायची होती. "शिट्टीने काही मोडत नाही ना?" लाहूने खात्री करून घेतली आणि तिला पंच व्हायची परवानगी दिली.

माणसं गेल्यावर दोघं बोंबलांच्या रांगांमधून खाडीकडे निघाले. तो तिच्या चालीने चालत होता.

"सांगितलं का नाहीत?" तिने विचारलं. "तुम्हाला ठाऊक होतं."

"मावशीचं होतं ते. दुसऱ्याच्या मावशीबद्दल मी कसं बोलणार?"

"नवीन."

सर नाही, नुसतं नवीन. तो थांबला.

"त्या दिवशी जीपमधून उतरताना पाकीट फिरलं होतं," तो म्हणाला. "नाव वाचलं. वयही वाचलं, सत्तावीस. म्हटलं, मावशी फारच तरुण आहेत."

"आणि चेहरा? नंतर सांगणार होतात."

"तेव्हाच बघितला. मग त्या दिवशी पुढे पाय बघायचे राहून गेले."

वारा फिरला. बोंबलांचा वास दोघांच्या अंगावरून गेला, आणि भाविनीला वाटलं, इतका चांगला वास तिने यापूर्वी कधी घेतला नव्हता.

पुढच्या गुरुवारी कासाला जायला ती दोघं जीपने चारोटीला पोहोचली. नाक्यावर नेहमीची गर्दी होती, त्यात तिच्या ओळखीचे चार चेहरे. नवीनने हात पुढे केला. तिने चारही चेहऱ्यांकडे बघितलं आणि सगळ्यांच्या देखत तो हात धरून, डावा पाय अलगद टेकवत खाली उतरली. खाली उतरल्यावरही हात सोडला नाही.

"घरी काय सांगून आलीस?" त्याने विचारलं.

"खरं तेच. नवीनबरोबर गुडघा दाखवायला जाते."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या सरांना एवढं कळतं तर विचार, बरं व्हायला किती दिवस लागतील."

नवीनने विचार केल्यासारखं केलं. "दिवसांचं काम नाही हे. रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी शेजारी बसून दहा आकडे मोजायला हवेत. वर्षं लागतील."

"किती?"

"पुष्कळ... चालतील?"

ती मोठ्याने आकडे मोजू लागली, एक, दोन, तीन... आणि त्याचा हात धरून कासाच्या गाड्यांकडे चालू लागली. चारच्या पुढे तो तिच्याबरोबर मोजत होता.