जमनीचा दुसरा अंतरा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या. अनंतरावांनाही कुठं पटली होती!

२००६ चा डिसेंबर. दिग्रस. कापसाला भाव नाही म्हणून बंद पडलेल्या एका जिनिंगचं गोदाम, तिथं गाण्याची तालीम. आणि वेळ भर दुपारी तीनची. अमावास्या, वडाचं झाड वगैरे काही नव्हतं.

अनंतरावांचं वाद्यवृंद मंडळ बंद होणार होतं. शेवटचे दोन कार्यक्रम उरले होते, एक दिग्रसला, एक नेरला. दोन्हीकडे आपली मुलगी मिताली मुख्य गायिका असावी आणि आपण पेटीवर बसून तिला कान भरून ऐकावं, एवढीच या माणसाची इच्छा.

इच्छा चांगली होती. माणूस नव्हता.

कारण त्या जागेवर पंधरा वर्षं जमनी गात होती. बंजारा तांड्यावरची बाई, आवाज असा की माईक नको. अनंतराव पडले कचेरीतले बाबू. शेवटी 'जरा घरंदाज' चेहरा हवा म्हणून त्यांनी तिला ऑक्टोबरात काढलं.

नोव्हेंबरात ती तापानं गेली.

मंडळाची एक रीत होती. आपल्यातलं कुणी गेलं, की पुढच्या तालमीत त्याचं गाणं घ्यायचं. त्याच्या ओळी आल्या की नुसता ठेका धरायचा. त्या ओळी कुणी गायच्या नाहीत, वाजवायच्याही नाहीत.

"साहेब, गवळणीचा दुसरा अंतरा जमनीचा. मोकळा सोडा," ढोलकीवाला देवसिंग म्हणाला. तोही तिच्याच तांड्याचा.

"ती मंडळात होती कुठं? मिताली, घे गवळण."

मितालीनं मुखडा घेतला. पहिला अंतरा झाला. दुसरा सुरू झाला...

आणि आवाज गेला.

ओठ हलत होते. गळ्याची शीर ताठ होती. पण सूर... नाहीच.

तिसऱ्या अंतऱ्याला आवाज आपोआप परत आला.

अनंतरावांनी आधी माईकला शिव्या घातल्या, मग माईकवाल्याला, मग मुलीला.

"बाबा, मी गातेय हो! बाहेरच येत नाही..."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी टेप करून पाहिलं. ढोलकी होती, पेटी होती, बाहेरून गेलेली बैलगाडीसुद्धा होती. मिताली नव्हती.

चौथ्या दिवशी पहिला अंतराही गेला.

"काहून अडून बसले साहेब? पोरीचा गळा जाऊन राह्यला," देवसिंग म्हणाला. "एक डाव सोडा ना तिची जागा."

"करा तमाशा," अनंतराव म्हणाले. पोरीसाठी. जमनीसाठी नव्हे, हे त्यांनी दोनदा बजावलं.

गवळण पुन्हा धरली. मुखडा झाला, आवाज टिकला. पहिला अंतरा झाला. मग सगळे थांबले. नुसता ढोलकीचा ठेका... आढ्यावरची कबुतरंही गप्प.

आणि या शहाण्याला ती मोकळी जागा सोसवेना. सवय म्हणा, माज म्हणा. त्यांची बोटं पेटीवर पडली, आणि जमनीचा अख्खा अंतरा त्यांनी स्वतःच वाजवून टाकला.

देवसिंगचा हात थांबला. "हे काय केलं साहेब तुमी..."

"रिकामं बरं वाटत नाही."

दिग्रसचा कार्यक्रम. मितालीनं गवळण घेतली. अनंतरावांनी कान टवकारले...

काहीच नाही.

पहिला अंतरा... दुसरा... तिसरा... काहीच नाही. पडदा पाडा म्हणून ते खूण करणार, तेवढ्यात...

टाळ्या. वन्स मोअर! पहिल्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

"बाबा, आला आवाज! सगळा आला!" मिताली धावत आली.

हे बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू आलं. गाणं तेवढं आलं नव्हतं.

नेरलाही तसंच झालं. मुलीच्या ओठांकडे बघत त्यांनी साथ केली. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. आणि खरंच, शेजारणीचं बेसूर भजनही त्यांना ऐकू येतं. हे त्यांनी फक्त देवसिंगला सांगितलं, आणि देवसिंगनं मला. मी आधी खूप हसलो होतो. आता हसवत नाही.

मिताली हल्ली रेडिओवर गाते. तेव्हा घरातले सगळे भोवती बसतात. अनंतरावांना तबला ऐकू येतो, तंबोरा ऐकू येतो... आणि बाकीच्यांनी मान डोलावली, की तेही डोलावतात.