शिळेवरचा पंजा

सन १८७९च्या मार्गशीर्षात बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका आणायला मी कोपरीत त्र्यंबकरावांच्या शिळाछापखान्यात गेलो. दिवेलागण झाली होती. खाडीकडून कुबट वास येत होता आणि आतून दगड घासल्याचा आवाज.

पत्रिका बांधून तयार होत्या. त्र्यंबकराव मात्र वाळू-पाणी टाकून एकच शिळा घासत बसले होते. उजव्या हाताची करंगळी दाबयंत्रात सापडून त्यांची अर्धी गेलेली. त्या थोट्या करंगळीतून आता रक्त येत होतं.

"एवढी कसली घाई?"

"उद्या दिवाणाचा माणूस शिळा बघायला येतोय. कोरी दिसली नाही, तर मीही अँब्रोजच्या वाटेनं जाणार."

कोलशेतचा अँब्रोज त्यांचा चित्रकार. शिळेवर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. त्यानं एका संस्थानिकाचं टवाळीचं चित्र काढलं होतं: महाराज मुकुटातून मोहरा ओततायत आणि गोरा साहेब तोंड फिरवून, पाठीमागे पंजा पसरून उभा. चित्र बाजारात जाण्याआधीच दिवाणानं थैली पाठवली. त्र्यंबकरावांनी सगळे कागद जाळले आणि चित्रकाराचं नावही सांगून टाकलं. अँब्रोज खाडीत मेलेला सापडला.

"साहेबाची लाच त्यानं काढली, घेतली तुम्ही," मी म्हणालो.

"टोमणे मागाहून मारा, हरिहरपंत. आधी हे बघा..."

त्यांनी शिळा पुसली. गुळगुळीत, कोरी. मग ओल सुकू लागली, तशा एकेक रेषा वर आल्या. मुकुट. साहेबाची पाठ. साहेबाच्या पंजाशेजारी आणखी एक पंजा, थोट्या करंगळीचा. शिळेवर तो डावा दिसत होता, म्हणजे कागदावर उजवा उमटणार.

"हा अँब्रोजनं काढलेला नाही..." ते कुजबुजले आणि चित्र झाकायला त्यावर आपला उजवा हात दाबून धरला. "हरिहरपंत, आतून कुणीतरी... धरतंय."

मी हात ओढायला पुढे झालो. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. "पत्रिका घ्या. घरी जा."

सकाळी ते शिळेजवळ मेलेले आढळले. शिळा लख्ख कोरी होती. दिवाणाचा माणूस ती बघून समाधानानं परत गेला.

प्रेताला पाणी घालताना त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, त्यांचा उजवा हात उचलला आणि तशाच थांबल्या.

"भावजी... ही करंगळी पुरती आहे हो."

मी डावा हात पाहिला. थोटी करंगळी तिथं होती, जखम जुनी, भरून आलेली.