दमलेला राउटर आणि टायटनचा पाहुणा

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, असं स्वप्निलआबा आधीच सांगून टाकत आणि मग ती पुरी ऐकवल्याशिवाय समोरच्याला उठू देत नसत.

गोष्ट अशी, की त्यांच्या घरच्या राउटरमध्ये टायटनवरून आलेला एक पाहुणा मुक्कामाला होता. टायटन म्हणजे शनीचा सर्वांत मोठा चंद्र. तिथे थंडी इतकी की नद्यांमधून पाण्याऐवजी मिथेन वाहतो (आपल्याकडे जो वायू असतो, तो तिथे गारठून पातळ होतो). तिथला जीव ऊब शोधत निघाला तर त्यात त्याचं काय चुकलं? आणि दिवसरात्र चालणाऱ्या राउटरच्या डब्याइतकी उबदार जागा अख्ख्या उजनीच्या पाण्यावर दुसरी होती कुठे?

"या डोळ्यांनी पाहिलाय मी त्याला," आबा म्हणत. "करंगळीएवढा. पण मिशी भरघोस."

शर्वीला, म्हणजे आबांच्या बारा वर्षांच्या नातीला, आज मात्र पाहुण्याच्या मिशीशी काही देणंघेणं नव्हतं. ती राउटरसमोर मांडी घालून बसली होती आणि दारात वाघमोडे मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या काखेत एक करडा, गुळगुळीत डबा होता. त्याला ना झाकण, ना स्क्रू.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर तरंगती वसाहत उभी राहिली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. प्रत्येक घर एका तराफ्यावर आणि प्रत्येक तराफा चार दोरांनी खुंटांना बांधलेला. इंटरनेटही तसंच, एका तराफ्यावरून दुसऱ्यावर पुढे जात राहायचं. त्यामुळे एका घरचा राउटर दमला, की मागच्या चार घरांचा जीव कासावीस. वाघमोडे मॅडम या वसाहतीच्या जोडणी समितीच्या सचिव होत्या आणि गेले दोन आठवडे त्यांच्याकडे एकच तक्रार येत होती.

"शर्वी, मागच्या घरातल्या मुलांचा ऑनलाइन वर्ग रोज अडकतो," त्या म्हणाल्या. "बोट परत निघेपर्यंत तुझा राउटर नीट चालला तर ठीक. नाही तर हा सीलबंद डबा बसवून जाणार. समितीचा ठरावच आहे तसा."

"त्या डब्यात टिटवी चालेल?"

"समितीचा शिक्का असलेलीच उपकरणं त्याला जोडता येतात."

"टिटवीला शिक्का नाही. ती मी बनवलीय."

"म्हणून तर विचारू नकोस," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, आणि तेच शर्वीला जास्त लागलं.

टिटवी म्हणजे शर्वीने जुन्या प्लास्टिकच्या कॅनमधून बनवलेला तरंगता यंत्रमानव. माशांच्या पिंजऱ्यांभोवती फिरून ती पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची (मासे कल्ल्यांतून हाच प्राणवायू घेतात) आणि तो कमी झाला की लगेच घरी निरोप धाडायची. मागच्या उन्हाळ्यात टिटवी नव्हती. एका सकाळी आई-बाबा पिंजऱ्यांवर गेले, तर सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. सीलबंद डबा आला की टिटवी मुकी होणार, हे शर्वीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"डबा खाली ठेवा, मॅडम," ती म्हणाली. "पण उघडू नका. तुम्ही तो परतच नेणार आहात."

ओसरीवर बसलेल्या आबांनी मान न वळवता मॅडमना म्हटलं, "बसा हो, अश्विनीताई. आमची नात एकदा अडली की बोटसुद्धा थांबते."

त्यांच्या मांडीवरच्या पडद्यावर जुना कबड्डीचा सामना रंगात आला होता. चढाईवाल्याचा दम जराही तुटत नव्हता.

शर्वीने आधी वायफाय बाजूला ठेवलं आणि आपला संगणक तारेने थेट राउटरला जोडला. वायफायच्या लहरी भिंतीत, पत्र्यात, फ्रिजच्या पाठीमागे अडकू शकतात. तारेनेही वेग कमी आला, तर दोष हवेत नाही, डब्यातच आहे. तिने स्पीड टेस्ट लावली. वेग आला नेहमीच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

"म्हणजे डब्यातच," ती म्हणाली.

"पाहुणाच तो," आबा म्हणाले. "आळस देत असेल."

दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत राउटर हरणासारखा पळत होता. मग शर्वीने त्यात स्क्रिप्ट घातल्या (स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला नवं काम शिकवणाऱ्या सूचनांची मालिका). एक जाहिराती अडवणारी. दुसरी 'टिटवी आधी' नावाची. कितीही गर्दी असली तरी टिटवीचा निरोप पुढे काढणारी. आणि त्याच सुमारास राउटरमध्ये तिसरीही एक दिसायला लागली होती. तिचं नाव होतं 'पाहुणा'. तेव्हा शर्वीने आबांना विचारलंही होतं. "पाहुण्याचं सामान आहे ते. दुसऱ्याच्या सामानाला हात लावू नये," असं उत्तर मिळालं होतं. राउटरच्या एखाद्या अपडेटबरोबर आलेली असेल, असं समजून तिने ती तशीच राहू दिली.

आता तिने जाहिरातींची स्क्रिप्ट बंद केली, राउटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि वेग मोजला. तेवढाच. ती स्क्रिप्ट परत चालू केली. मग 'टिटवी आधी' बंद. वेग तेवढाच. ती परत चालू. मग 'पाहुणा' बंद.

"अरे, हा गडी पाय हवेत ठेवून थांबला की," ओसरीवरून आबा पुटपुटले आणि पडद्यावर टिचक्या मारू लागले.

वेग तेवढाच. शर्वीने 'पाहुणा' परत चालू केली.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. "तिन्ही तपासल्यास ना? एकीचाही दोष नाही. मग राउटरच म्हातारा झालाय, बाळ."

"म्हातारं झालं म्हणजे मोडीत काढायचं, असं कुठे आहे?" आबा ओसरीवरून म्हणाले. "शर्वे, इकडे ये. एक गंमत सांग. आपल्या तराफ्याच्या उगवतीकडे दोन दोर आहेत. मी एक सोडला, तर तराफा वाहून जाईल?"

"नाही. दुसरा धरून ठेवेल."

"तो परत बांधला आणि दुसरा सोडला. आता?"

"आता पहिला धरेल."

"मग तराफा दोरांनी बांधलेलाच नाही. दोन्ही सोडून बघितले, तराफा काही हलला नाही."

"असं कसं, आबा? दोन्ही एकदम—"

शर्वी बोलता बोलता थांबली.

वसाहतीतली पोरं चालायला लागायच्या आधी एक नियम शिकतात. एका वेळी एकच दोर सोडायचा. तो पक्का बांधल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. हा नियम त्यांच्या बोटांत इतका मुरलेला असतो, की चपलेचे बंदसुद्धा ती तशीच सोडतात. शर्वीने स्क्रिप्टही तशाच तपासल्या होत्या. एक सोडायची, परत बांधायची, मग दुसरी. पण राउटरला दोघींनी मिळून धरून ठेवलं असेल तर? एक सोडली, तेव्हा दुसरीने धरला. दुसरी सोडली, तेव्हा पहिलीने.

ती धावत आत आली. "मी तिन्ही एकदम सोडणार."

"एकदम?" मॅडम चटकन म्हणाल्या. त्याही याच पाण्यावर वाढलेल्या होत्या. "दोन दोर एका वेळी सोडायचे नसतात."

"तराफ्याचे नसतात. हा डबा आहे, मॅडम. बुडणार नाही. आणि बुडाला तर माझा बुडेल."

तिने तिन्ही स्क्रिप्ट बंद केल्या, राउटर पुन्हा सुरू केला, आणि स्पीड टेस्टचा काटा जो उठला, तो पार टोकाला जाऊन टेकला.

मॅडम खुर्ची पुढे ओढून बसल्या. "हे कसं झालं, ते मला कळेल असं सांग."

शर्वीने खिडकीतून धक्क्याकडे बोट दाखवलं. बोटीतून शाळेची सहल उतरत होती. धक्क्यावरच्या काकांनी फक्त पुढच्या बाईंना थांबवलं, कुठे चाललात ते विचारलं आणि मागच्या सगळ्या रांगेला हात केला. पोरं भराभर निघून गेली.

"इंटरनेटवरची माहितीही अशीच छोट्या छोट्या पाकिटांत येते. चित्रपट बघायचा तर त्याची हजारो पाकिटं, एकाच रांगेतली. राउटरचा प्रोसेसर (विचार करून निर्णय घेणारा भाग) त्या रांगेतलं पहिलं पाकीट थांबवतो. कुठून आलं, कुठे जायचं, ते बघतो. मग शेजारी एक वेगळी चिप असते. तिला विचार करता येत नाही, पण ती पळते मात्र वाऱ्यासारखी. प्रोसेसर तिला सांगतो, ही रांग ओळखीची आहे, सोडून दे. पुढची पाकिटं प्रोसेसरकडे येतच नाहीत. हा झाला जलदमार्ग."

"मग तो बंद कुणी केला?"

"जिला प्रत्येक पाकीट बघायचंय, तिने. समजा धक्क्यावरच्या काकांना कुणी सांगितलं, एकेका पोराला थांबवा, त्याच्या दप्तरात बघा आणि ठरवा कुणाला पुढे काढायचं. मग हात करून रांग सोडता येईल?"

"संध्याकाळ होईल."

"तसंच. प्रोसेसर छोटासा असतो. सगळी पाकिटं त्याच्या अंगावर आली की तो दमतो. तो म्हातारा झालेला नाही, मॅडम. त्याच्या डोक्यावर जास्त काम पडलंय."

"मग कुणाकुणाचं काम, ते दाखव," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता तपासणीपेक्षा उत्सुकता जास्त होती.

शर्वीने उलट बाजूने सुरुवात केली. सगळं बंद ठेवून एकेकच स्क्रिप्ट चालू करायची. आधी जाहिराती अडवणारी. काटा टोकालाच राहिला. ती स्क्रिप्ट पाकिटं उघडून बघतच नव्हती. एखाद्या पानाचा पत्ता विचारला जातो, तेव्हाच ती मधे पडायची आणि जाहिरातवाल्यांचे पत्ते द्यायला नकार द्यायची. एकदा नकार दिला की तिचं काम संपलं.

मग तिने एकटी 'टिटवी आधी' चालू केली. काटा धाडकन खाली आला. शर्वीचा चेहराही उतरला, कारण ही तिने स्वतः लिहिलेली होती. टिटवीचं एक पाकीट शोधायला ती सगळ्यांची दप्तरं तपासत होती.

"पुन्हा थांबला हा गडी," आबा ओसरीवर कुरकुरले. "अगदी रेषेवर."

शर्वीने ती बंद केली आणि एकटी 'पाहुणा' चालू केली. काटा पुन्हा तळाला. मॅडमच्या हातातल्या पडद्यावरचं पान अर्धवट उघडून लटकलं. शर्वीच्या संगणकावरचा, टिटवी कुठे फिरतेय ते दाखवणारा नकाशा करडा पडला. सगळं घर अडकलं.

ओसरीवरून मात्र दम न तोडता आवाज येत होता, कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

शर्वीने ओसरीकडे पाहिलं. आबांनी आभाळाकडे पाहिलं.

तिने 'पाहुणा' आणि 'टिटवी आधी' दोन्ही काढून टाकल्या, जाहिरातींची तेवढी ठेवली आणि मॅडमसमोर शेवटची टेस्ट लावली. काटा टोकाला. तेवढ्यात पिंजऱ्यांकडून टिटवीचा निरोप आला, प्राणवायू ठीक आहे.

"पण आता तिला कुणी पुढे काढत नाहीये," मॅडम म्हणाल्या.

"गरजच नाही. वाट मोकळी असली की आधी कोण आणि मागून कोण, याला अर्थ राहत नाही. तिचा निरोप केवढासा."

मॅडमनी करडा डबा उचलून काखेत मारला. "ठराव तुझ्यापुरता थांबवते. पण पुन्हा तक्रार आली—"

"तर पुन्हा दुरुस्त करीन. आणि मी नवी स्क्रिप्ट लिहिणार आहे. टिटवीची तेवढी पाकिटं वेगळी काढेल आणि बाकीच्यांचा जलदमार्ग उघडाच ठेवेल. मग प्रत्येक पिंजऱ्याला एक टिटवी सोडता येईल."

"लिहिलीस की आधी समितीला दाखव."

"दाखवीन. पण शिक्का मागायला नाही येणार. शिकवायला येईन."

मॅडम हसल्या. त्यांना हा डबा आणखी बऱ्याच घरी न्यायचा होता, पण तो आता त्यांना जड वाटत असावा, कारण तो या काखेतून त्या काखेत बदलून त्या विचारत होत्या, "तुझ्या त्या तपासणीला बाकीच्या घरांतली पोरं बसली तर चालतील?"

"आणा सगळ्यांना. स्क्रू काढायचं हत्यार मात्र ज्याचं त्याने आणायचं."

धक्क्यावर बोटीची घंटा झाली. आबा घाईने उठून मॅडमच्या आडवे आले. दिवसभरात त्यांची गोष्ट अर्धवट राहिली होती ना.

"अश्विनीताई, जाता जाता ऐका. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण पाहुणा आत्ताच गेला. मी पाहिला. मिशीला तेल लावलं, सामान गुंडाळलं, म्हणाला, स्वप्निलराव, तुमच्या नातीने माझी स्क्रिप्ट काढून टाकली, आता इथे राहण्यात राम नाही. बिचारा टायटनला परत—"

"आबा, खोटं आहे हे," शर्वी आतून म्हणाली. "टायटनचा पाहुणा सगळ्या घराला अडवून फक्त तुमची कबड्डी कशाला पुढे काढेल?"