लांब आहे

बाबा लिफ्टचा मेकॅनिक, पण जीव अडकलेला हॅम रेडिओत. परवाना काढून घरबसल्या कुठकुठल्या लोकांशी गप्पा मारायचा. गच्चीवर अँटेना लावायला बिल्डिंगवाल्यांनी नाही म्हटलं, म्हणून सहाव्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतच तांब्याच्या नळीची गोल अँटेना उभी केली. माझ्या उंचीची. वरच्या टोकाला कपॅसिटर, तो फिरवून अँटेना जुळवायची. रेडिओ आतल्या खोलीत, मधे भिंत.

पद्धत ठरलेली. आधी फक्त पाच वॅट. बाबा गॅलरीतून प्लॅस्टिकच्या लांब काठीने कपॅसिटर फिरवणार, मी आत मीटर बघणार. काटा खाली आला की तो हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला जाणार. मी ओरडणार, "लांब?" तो म्हणणार, "लांब आहे." मगच अ‍ॅम्प्लिफायर. चारशे वॅट गेले की त्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट चढतात. "तिथे हात लावला की थेट यमाशी शेकहँड," बाबा म्हणायचा.

मी नववीत शाळा सोडली, तेव्हापासून आमचं रोज वाजायचं. एकदा माईकवर मित्राला म्हणाला, "आमच्याकडे दोन गोष्टी लगेच तापतात. अ‍ॅम्प्लिफायर आणि पोरगी. अ‍ॅम्प्लिफायरला निदान फ्यूज आहे."

तिकडचा माणूस खो खो हसला. मी अबोला धरला.

आता "लांब?" कोण विचारणार? मी भिंतीवर ठोकायला लागले.

पहिल्या दिवशी ठोकायला मूठ उचलली, तोवरच उत्तर आलं. "लांब आहे." म्हटलं, घाई झालीय त्याला.

दुसऱ्या दिवशी ठोकलं, "लांब आहे" ऐकलं, आणि त्याच क्षणी बाथरूममध्ये बाबा शिंकला. उत्तर गॅलरीतून आलं होतं.

तिसऱ्या दिवशी दोनदा आलं. एकदा हॉलमधून, एकदा गॅलरीतून. दोन्ही त्याचेच आवाज. दुसरा जरा सावकाश, पाठ केल्यासारखा.

विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे आधी मी बोलायचं. मी कशाला बोलू? गेला उडत.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, ठोकलं.

"लांब आहे."

मी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं.

तड्. मग बाबाची किंकाळी. मग जळक्या केसांचा वास.

दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. दोन बोटं गेली होती.

"जवळ होतास तर 'लांब आहे' असं का म्हणालास?" माझा अबोला असा सुटला.

"मी कुठे काय म्हणालो? तूच हाक मारलीस ना, 'बाबा, वरचा स्क्रू ढिला झालाय, बघ.'" तो हसला. "चार दिवसांनी बोललीस गं. इतकं बरं वाटलं, काठी टाकून हातच घातला."

त्याचं तोंड बघून मला नाही म्हणवेना.

"हो," म्हटलं, "मीच मारली हाक."

तेवढं खरं सांगायला हवं होतं.

अँटेना काढून टाकली. आता गॅलरीत काही नाही, नुसता कमरेएवढा कठडा.

काल सकाळी मी बेसिनपाशी होते. हॉलमध्ये बाबा उठल्याचं ऐकलं. गॅलरीची कडी निघाली.

"आलो, आलो गं बाई," तो हसत म्हणाला. "कुठे, खाली? थांब, वाकून बघतो."

माझ्या तोंडात चूळ होती.