करंड्यातलं मेण

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. त्र्याहत्तरच्या माघात नगरच्या नव्या पेठेत, एका शिंप्याच्या बंद पडलेल्या गाळ्यात, सेवा मंडळाच्या बायकांनी जुन्या वस्तूंचं दुकान काढलं. बऱ्या घरांनी नको असेल ते द्यायचं, बऱ्या घरांनीच ते स्वस्तात न्यायचं, आणि येईल त्या पैशांतून खडी फोडणाऱ्या बायांच्या पोरांना सुकडी पाठवायची.

दमयंतीबाईंचा एकही मंगळवार चुकत नसे. त्यांची नजर पक्की. पितळेवर नखानं टिचकी मारून नुसत्या आवाजावरून भांडं जोखत. कोट उलटा करून आधी अस्तर बघत. त्यांच्या यजमानांचा, हायस्कुलातल्या रविकांत सरांचा लोकरी कोट तिथलाच, घरातला स्टोव्हही तिथलाच.

"यजमान तेवढे नवे कोरे मिळालेत हो तुम्हाला," गल्ल्यावरच्या इंदूताई म्हणायच्या, आणि साऱ्याजणी हसायच्या.

त्या मंगळवारी मात्र दमयंतीबाई रागातच होत्या. मोडीच्या एका व्यापाऱ्यानं धर्मादाय म्हणून पेटारा पाठवला होता. पाथर्डीकडच्या, शेवगावकडच्या गावांतून दाण्यांच्या बदल्यात घेतलेली भांडी त्यात होती, आणि दुकान उघडायच्या आधीच मंडळातल्या बायकांनी चांगलं चांगलं उचललं होतं. "सेवा म्हणे!" त्या पुटपुटल्या आणि पेटाऱ्याच्या तळाशी कोपरापर्यंत हात घातला. हाताला कुंकवाचा एक करंडा लागला.

पितळी, मुठीएवढा. झाकणात आरसा, खाली दोन वाट्या. एकीत चिमूटभर पिंजर, दुसरीत मेण. इंदूताईंनी तो बघितला आणि त्यांचं हसू थांबलं.

"हा कसा आला यात? करंडा कुणी विकतं का, वहिनी?"

"पोटाला नसलं की विकतात," दमयंतीबाई फणकारल्या. "आणि धातूला विटाळ नसतो. चिंचेनं घासला, गंगाजल शिंपडलं, झालं."

जुनी पिंजर झाडून टाकली, आपली भरली. मेण तेवढं खरवडायचं राहिलं. चांगलं पिवळंधमक गावठी मेण होतं, टाकवलं नाही.

दमयंतीबाईंचा नेम कडक होता. पहाटे उठायचं, आंघोळ, तुळशीला पाणी, देवपूजा, आणि पूजा होऊन कपाळाला कुंकू लागेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. लग्नाच्या पहिल्या श्रावणात धरलेलं मौन एकुलता मुलगा जन्मला त्या दिवशी सोडलं तर कधी मोडलं नव्हतं. आता मुलगा पुण्याला शिकत होता, घरात दोघंच.

करंडा आणल्यावर चार-सहा दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की मेणात एक खळगा पडतोय. आपल्या बोटाचा असेल म्हणून त्यांनी अंगठ्यानं मेण सारखं केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा खळगा. त्यांनी त्यात आपलं बोट ठेवून पाहिलं. बोट मावेना. खळगा अरुंद होता, आणि त्याच्या कडेला तुटक्या नखाची रेघ होती.

घरात तिसरं माणूस एकच, धुण्याभांड्याला येणारी चांगुणा. दुष्काळात नवऱ्याला ताप चढला आणि तो गेला, म्हणून ती कामाला लागलेली.

"माझ्या करंड्याला हात लावतेस?" दमयंतीबाईंचा आवाज तसा मऊ, पण त्या दिवशी तो चिरला.

चांगुणानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. पदर मागं सारला आणि मोकळं कपाळ पुढं केलं.

"हितं लावू व्हय कुकू? बगा की नीट. मालक जाऊन वरीस न्हाई झालं, आन् तुमी मला कुकवाची चोरी लावता?"

"मग कोण लावतं?"

"मला काय ठावं! तुमीच आनलाय कुनाचा तरी. तिलाच इचारा." जाताना तिनं दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. पुन्हा ती आलीच नाही.

दमयंतीबाई दिवसभर धुसफुसत राहिल्या. आपलं चुकलं हे कळत होतं, म्हणून राग जास्तच. संध्याकाळी करंडा लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप घातलं, किल्ली कमरेला.

सकाळी खळगा होताच. आणि पिंजर कमी झालेली.

तेव्हापासून दुसरीच गोष्ट सुरू झाली. कुंकू त्यांच्या कपाळावर ठरेना. मेण लावावं, वर टिकली रेखावी, आणि तुळशीपाशी जाऊन यावं तर कपाळ कोरडं. बाजारातून नवीन मेण आणलं, दुसरी पिंजर आणली. तेच. दुकानात इंदूताईंनी हळूच विचारलं, "वहिनी, कपाळ मोकळं? सर बरे आहेत ना?"

"ठणठणीत आहेत," दमयंतीबाई म्हणाल्या, आणि हातातली कपबशी न घेताच परतल्या.

सर खरंच ठणठणीत होते. उलट जरा भरले होते. त्या चहा घेऊन गेल्या की म्हणायचे, "अगं, आत्ताच तर दिलास." जेवताना पोळी बाजूला सारून विचारायचे, "कालचं हुलग्याचं माडगं उरलं नाही का? छान झालं होतं."

"मी माडगं कधी केलं?"

"मग कुणी केलं?" सर हसले. निरागस हसले. दमयंतीबाईंना त्या हसण्याचाच संताप आला. त्यांच्या सदऱ्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. घरात चूल नव्हती.

फाल्गुनातल्या एका पहाटे दमयंतीबाई तुळशीला पाणी घालून आत येत होत्या. स्वयंपाकघरातून सरांचा आवाज आला.

"आज गूळ बेतानं घातलास हं."

आणि बांगड्या वाजल्या. दमयंतीबाईंच्या हातात पाटल्या होत्या. ही काच होती. पुष्कळ काच, मनगटभर.

त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. छातीत नुसता जाळ उठला होता. कोण आहेस, माझ्या घरात माझ्या नवऱ्यापुढं बसणारी तू कोण, एवढंच ओरडायचं होतं. पण पूजा व्हायची होती. नेम होता. ओठ दाताखाली दाबून त्या देवापुढं बसल्या. गंध उगाळताना सहाण खडखडत होती. फुलं वाहिली ती जवळजवळ फेकलीच. आत सर बोलत होते, हसत होते, मधेच थांबून ऐकत होते.

पूजा संपवून त्या उठल्या, कपाळाला बोट लावलं आणि स्वयंपाकघरात धावल्या.

सर एकटेच पाटावर बसले होते. समोर रिकामा पेला. शेजारी दुसरा पाट मांडलेला.

"आत्तापर्यंत बोलली का नाहीस?" सरांनी विचारलं. मग जरा गोंधळून त्यांच्याकडं बघितलं, ओळख पटायला वेळ लागावा तसं. "नाही... तू बोलत होतीस की."

चैत्र लागला. असली वस्तू घरात ठेवायची नाही, वाहत्या पाण्यात सोडायची, हे दमयंतीबाईंना ठाऊक होतं. पण नगरच्या सीनेत पाण्याचा थेंब नव्हता. त्या सकाळच्या एस्टीनं नेवाशाला गेल्या. प्रवरा तरी वाहत असेल.

प्रवरेत वाळू होती. काठापासून काठापर्यंत पांढरी, डोळ्यांत खुपणारी. मधोमध बायकांनी झिरे खणले होते. गुडघ्यावर बसून त्या वाटीवाटीनं पाणी हंड्यात भरत होत्या. दमयंतीबाई सगळ्यात कडेच्या झिऱ्याशी गेल्या आणि पदराखालून करंडा काढला.

"ओ बाई! काय टाकता?"

एक म्हातारी वाटी टाकून उठली.

"सोडायचाय हा. वाहत्या पाण्यात..."

"कुटं वाहतंय? प्यायचं हाय ते!" तिनं करंडा बघितला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "कुनाचा तरी घ्यायचा सवंगात, आन् नकोसा झाला की आमच्याच पान्यात टाकायचा व्हय? चला, व्हा बाजूला!"

बाकीच्या बायका वर बघत राहिल्या. दमयंतीबाईंचा राग आता कुणावर जाईना. म्हातारीवर नाही, स्वतःवरही नाही. तो नुसताच अंगात राहिला. दूर जाऊन त्यांनी हातांनी तापलेली वाळू उकरली, खोल, नखं भरेपर्यंत, आणि करंडा पुरला. वर दगड ठेवला.

परतीच्या गाडीत त्यांचा श्वास प्रथमच मोकळा झाला. आता घरी जायचं, कोरं कुंकू लावायचं, यजमानांना आपल्या हातची पोळी वाढायची. इतकंच हवं होतं त्यांना.

घराशी पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. दार अर्धवट उघडं होतं आणि एक तरुण बाई हातात हळदकुंकवाची कुयरी घेऊन पायऱ्या उतरत होती. मागच्या खोल्यांत कालच बिऱ्हाड आलं होतं, ते तिचं. दमयंतीबाईंना पाहून ती हसली.

"वहिनींनाच बोलावणं करायला आले होते, चैत्रगौरीचं. किती गोड आहेत हो! ओटी भरल्याशिवाय सोडेनात." ती कुंकवाचं बोट पुढं करून आली. "आपण पाहुण्या वाटतं त्यांच्याकडच्या?"

बोट कपाळापर्यंत आलं आणि थांबलं. तिनं त्या कोऱ्या कपाळाकडं बघितलं. मग डोळे खाली घातले, कुयरी पदराआड केली.

"माफ करा हं," ती पुटपुटली. "मला ठाऊक नव्हतं." आणि दमयंतीबाईंना ओलांडून, अंग चोरून निघून गेली.

"अगं, हे घर माझं आहे!" दमयंतीबाई ओरडल्या. जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या तशा. "अहो! मी आलेय!"

आत पाट सरकल्याचा आवाज झाला. मग सरांचा आवाज आला, जेवता जेवता विचारावं तसा.

"कोण गं दारात?"

बांगड्या दारापर्यंत आल्या. दार लोटलं गेलं. आणि आतून, अगदी हलक्या हातानं, कडी लागली.