जास्तीचे किलोमीटर

कोल्हापुरातून निघताना आम्ही अकरा जण होतो. अकरा सायकली, बावीस चाकं, सात जादा ट्यूबा, दोन पंप, एक स्टोव्ह आणि अंतर मोजणारे दोन मीटर. मीटर म्हणजे पुढच्या चाकाच्या आसाजवळ बसवलेली, काडेपेटीपेक्षा लहान डबी. चाकाच्या एका तारेला खिळा असतो. चाक एकदा फिरलं की खिळा डबीला लागतो — टिक — आणि आतला आकडा जरासा सरकतो. एक मीटर माझ्या सायकलला होता. दुसरा कुणाच्या सायकलला आहे ते मला बिंदू चौकात पहाटे पावणेसहाला कळलं, कारण माझा वाजतच नव्हता.

"खिळा वाकलाय," मागून कुणीतरी म्हणालं. "हलू नका."

"मी कुठं हलतेय?"

"तुमाला न्हाय. सायकलला म्हणालो."

तांबडा स्वेटर घातलेला एक मुलगा माझ्या चाकाशी उकिडवा बसला. अंगठ्यानं खिळा सरळ केला, चाक फिरवलं. टिक.

"आता बोलंल ती," तो म्हणाला आणि वर बघून हसला. डिसेंबरची थंडी होती, तरी मला हातमोजे काढावेसे वाटले.

हा संगमेश. कुरुंदवाडला त्याच्या वडिलांचं, शिवय्यांचं, सायकलचं दुकान होतं आणि दोन्ही मीटर तिथलेच होते. सहलीचे प्रमुख हंबीरराव सर शाळेत खेळ शिकवायचे; त्यांनी संगमेशला मेकॅनिक म्हणून आणलं होतं. मी गडमुडशिंगीची, त्याच वर्षी — १९९८ साली — फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. त्यामुळे अंतराची वही माझ्याकडे. बुधवारी निघून शनिवारी परत यायचं, आणि रविवारी सकाळच्या गाडीनं मला पुणं गाठायचं होतं. तिथल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांची नोकरी मिळाली होती. चार दिवस सायकल, मग पुणं. हिशेब सोपा होता.

गगनबावड्याच्या रस्त्यावर मी सगळ्यांच्या मागे राहिले. मला चढ जमतो, पण मी थांबते. कुठं मैलाच्या दगडावरचा आकडा बघायचा असतो, कुठं ओढ्याचं पाणी कोणत्या बाजूला वाहतं ते. आणि प्रत्येक वळणावर संगमेश भेटायचा.

"काय झालं?"

"चेन पडली."

पुढच्या वळणावर, "आता?"

"ब्रेक."

"मेकॅनिकचीच सायकल एवढी बिघडते?"

"वैद्याच्या घरातच आजार असतोय, मॅडम."

मग थोडा वेळ आम्ही शेजारी चालवायचो. दोन मीटर टिक-टिक करायचे, कधी पाठोपाठ, कधी एकमेकांत अडकत. मी रस्त्याकडे बघायचं ठरवायचे... आणि त्याच्या हँडलवरच्या बोटांकडे बघायचे.

"दगड कशाला मोजताय?" त्यानं विचारलं.

"मीटर बरोबर आहे का बघायला."

"आन् नसला तर?"

"तर चूक शोधायची."

"सगळ्याचीच शोधता?"

विचारून तो पुढं निघून गेला. दिवसभर मी त्याचं उत्तर शोधत राहिले.

संध्याकाळी माझा मीटर म्हणाला ५५.२. त्याचा ५८.६. दुसऱ्या दिवशी राधानगरीला पोचलो तेव्हा त्या दिवसाचा माझा आकडा ४७.८ आणि त्याचा ५३.१. रस्ता एकच, गाव एकच, आणि पाच किलोमीटरचा फरक! मला चहा गोड लागेना. विश्रामगृहाच्या अंगणात मी दोन्ही टायरवर खडूची खूण केली, सायकली सरळ ढकलल्या आणि दहा फेऱ्यांचं अंतर टेपनं मोजलं. दोन्ही वेळा बावीस मीटर दहा सेंटिमीटर.

"चाकं सारखी, हवा सारखी," मी म्हणाले. "म्हणजे तुमचा मीटर चुकतोय."

"आमच्या दुकानातला मीटर चुकत न्हाय."

"मग पाच किलोमीटर आले कुठनं?"

त्याचे कान तांबडे झाले, अगदी स्वेटरसारखे. हंबीरराव सरांना त्याच वेळी ठसका लागला.

"सांगा की!"

"ल्ह्या मग," तो खाली बघत म्हणाला. "ल्ह्या, मीटर सदोष."

मी लिहिलं. त्यानं ते वाचलं, मान डोलावली आणि पंप उचलून निघून गेला. ज्या मुलानं दुकानाच्या नावासाठी भांडायला हवं होतं, तो गप्प का बसला? हे काही माझ्या वहीत बसेना.

तिसऱ्या दिवशी दाजीपूरचा चढ, आणि मुक्कामाला परत राधानगरीलाच यायचं. धुकं एवढं की पुढचं चाक दिसायचं आणि त्यापुढं पांढरं. पहिलं वळण आलं, रिकामं. दुसरं, रिकामं. मी वळणं मोजत गेले. प्रत्येक वळणाआधी पाय आपोआप जोरात फिरायचे आणि वळणानंतर सैल पडायचे. एकदा टिक-टिक ऐकू आली म्हणून थांबले, तर तीही थांबली. माझीच होती.

वर चिमणाबाईंचं चहाचं खोपटं होतं. बाकीचे पुढं तळं बघायला गेले होते. चिमणाबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"वहीवाली ती तूच व्हय ग?"

"हो. का?"

"मग आलीस म्हणायची एकदाची! ते तांबड्या स्वेटरचं पोरगं तुमच्यातलंच न्हवं? तीनदा खाली गेलं, तीनदा वर आलं. ह्या असल्या धुक्यात! शेवटाला इचारलं, 'पावणं, काय सांडलं का?' तर म्हनतंय, 'न्हाय मावशी, येतंय का बघतोय.'"

"काय येतंय?"

"आता ते मला इचारतीस?" त्यांनी कप माझ्या हातात कोंबला. "पी. गार हुईल."

तीन पूर्णांक चार. पाच पूर्णांक तीन. खाली जायचं आणि परत वर यायचं... मी चाकं मोजली, हवा मोजली, आणि माणूस मोजायचा राहिला. वही काढली, 'सदोष' वर आडवी रेघ मारली. मग खोपटाच्या मागे गेले. तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बसला होता.

"तुमचा मीटर बरोबर आहे."

"म्हणत हुतो की."

"का परत येत होता, ते का नाही सांगितलं?"

"तुमाला वाटलं असतं, पोरीला चढ जमंना म्हणून हा मागं येतोय."

"मला जमतो चढ."

"म्हाईत हाय. म्हणून तर आज लांबनंच तुमची टिक-टिक ऐकून माघारी फिरत हुतो."

"जमतो हे माहीत आहे, तर बघायचं काय होतं?"

त्यानं ट्यूब दाबली. एकही बुडबुडा आला नाही. "चूक शोधणाऱ्या तुमी. तुमीच शोधा."

मी हातातला कप दगडावर ठेवला.

"परवा मी पुण्याला चाललेय. दोन वर्षं."

"बिंदू चौकातच सांगितलं सरांनी. तवापासनं एका जागी बसवंना मला."

"आणि तुमच्या गळ्यात लिंग आहे. आमच्या घरी बुद्धवंदना होते. तुमच्या आई काय म्हणतील?"

"अव्वा आधी वरडंल. मग जेवायला घालंल. तुमचं वडील?"

"गप्प बसतील. ते जास्त वाईट."

"म्हणजे घाट हाय."

"मोठा."

"चढूया की. मधी उतरून ढकलायची न्हाय, एवढंच."

धुक्यात कुठंतरी आमची मंडळी हसत परत येत होती. फार वेळ नव्हता.

"उद्या माझ्यासाठी मागं येऊ नका," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "बरं."

"बरोबर चला."

शनिवारी राधानगरीहून निघालो ते शेजारी शेजारी. उसाच्या गाड्या आल्या की तो मागं व्हायचा आणि गाडी गेली की परत बाजूला यायचा. गुऱ्हाळांचा गोड धूर रस्त्यावर आला होता. मला सारखं वाटत होतं, आपण फार जोरात चाललोय. मग वाटायचं, फार हळू.

"पुणं किती लांब?" त्यानं विचारलं.

"दोनशे तीसच्या आसपास."

"शनिवारी पहाटे निघालो तर रविवारी दुपारी."

"सायकलनं?"

"मग? मीटर तपासाया लागंल की न्हाय अधनं-मधनं?"

रंकाळ्यापाशी सगळे बिंदू चौकाकडे वळले. आम्ही वळलो नाही.

"ए संगमेश! अक्षता!" हंबीरराव सर ओरडले. "चौक हिकडं हाय!"

"सर, मीटर तपासायचाय," मी ओरडले.

"तपासा! चार दिस झालं तेच चाललंय!"

दिवेलागणीला आम्ही बिंदू चौकात पोचलो. मी वही गुडघ्यावर घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि शेवटची नोंद केली.

दगडांप्रमाणे अंतर : ५२ किलोमीटर. माझा मीटर : ६१.३. संगमेशचा मीटर : ६१.३.